ब्रिस्टल बेचा मोठा रेनबो ट्राउट: फ्लाय फिशिंगसाठी पहिल्यांदा अलास्काला जाणाऱ्यांसाठी

माझे लहानपण रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी गरी टाकण्यात गेले आणि फ्लाय रॉड मी हातात घेतला तो नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला आल्यानंतर, वयाच्या चाळिशीत. तेव्हापासून मोठा रेनबो ट्राउट गळाला लावण्यासाठी मी तीन वेळा अलास्काच्या नैर्ऋत्येला, ब्रिस्टल बेच्या खोऱ्यात गेलो आहे. पहिली फेरी जवळजवळ वाया गेली आणि त्याचा दोष सर्वस्वी माझाच होता. जी माहिती आधी मिळाली असती तर ती फेरी वाचली असती, ती येथे क्रमाने देत आहे.

आधी दोन शब्दांचा उलगडा करतो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजन नसते. पिसे, लोकर आणि केस गळावर बांधून केलेली ‘फ्लाय’ हवेत भिरकावली जाते ती जाड, वजनदार दोराच्या जोरावर, त्यामुळे येथे खरी फेक दोराची असते आणि फ्लाय त्याच्या मागोमाग जाते. ट्रॉफी म्हणजे नेमका केवढा मासा, याबद्दल मतभेद आहेत. ब्रिस्टल बेच्या गाइड मंडळींमध्ये ३० इंच, म्हणजे ७६ सेंटिमीटर, ही रेषा सर्वसाधारणपणे मानली जाते. २४ ते २६ इंचांचा मासाही भल्याभल्यांचा हात थरथरवतो, हे ध्यानात ठेवून जावे.

१. आधी आठवडा ठरवा, नदी नंतर

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ‘कोणत्या नदीवर जाऊ?’ असा असतो. माझाही तोच होता. खरा प्रश्न ‘कधी जाऊ?’ हा आहे, कारण या भागातील रेनबो ट्राउट एका जागी बसून राहणारा मासा नाही. तो सॅमनच्या मागे फिरतो.

ब्रिस्टल बेमध्ये जगातील सर्वांत मोठी सॉकआय सॅमनची झुंड दरवर्षी समुद्रातून नद्यांमध्ये परतते. २०२२ साली ही संख्या सुमारे ७ कोटी ९० लाखांवर गेली आणि तो विक्रम ठरला. हे सॅमन नद्यांमध्ये आणि सरोवरांच्या काठी अंडी घालतात आणि मरतात. समुद्रात वाढवून आणलेले त्यांचे सारे मांस अशा रीतीने गोड्या पाण्यात येऊन पडते. येथील रेनबो समुद्रात जात नाही. इलियाम्ना आणि नॅकनेक ही अवाढव्य सरोवरे हाच त्याचा समुद्र. सॅमनची पिल्ले, सॅमनची गाबोळी आणि अखेरीस सॅमनचे कुजके मांस खाऊन तो असा फुगतो की एरवी लहान ओढ्यात न शोभणारे अंग त्याला येते. म्हणून सॅमनचे वेळापत्रक समजले की ट्राउटचा पत्ता आपोआप लागतो.

जूनचा पहिला पंधरवडा. रेनबो वसंतात अंडी घालतो, त्यामुळे ब्रिस्टल बेच्या बहुतेक वाहत्या पाण्यांमध्ये वसंतात मासेमारी बंद असते आणि ८ जूनला ती खुली होते. याच सुमारास सॅमनची बोटभर पिल्ले सरोवरांतून समुद्राकडे निघतात आणि सरोवराच्या मुखाशी मोठे ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. पाण्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालताना दिसले की खाली हा संहार चालू आहे असे समजावे. मात्र नुकतीच अंडी घालून मोकळा झालेला मासा लांबीला मोठा असला तरी अंगाने खंगलेला असतो.

जुलै. जूनच्या अखेरीस सॉकआय नद्यांत शिरू लागतात आणि ४ जुलैच्या आसपास त्यांची गर्दी शिगेला पोहोचते. मी पहिल्यांदा गेलो तो जुलैचा मध्य होता. सॅमन सर्वाधिक तेव्हा ट्राउटही सर्वाधिक, असा माझा भाबडा हिशेब होता. प्रत्यक्षात हे सॅमन ताजे, चंदेरी आणि प्रवासात असतात. त्यांनी अजून अंडी घातलेली नसतात, त्यामुळे ट्राउटला खाण्याजोगे फारसे काही मिळत नाही आणि तो विखुरलेला असतो. पाच दिवसांत माझ्या वाट्याला सॉकआय भरपूर आले, ट्राउट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतला सर्वांत मोठा १९ इंचांचा. जुलैत जाणे भागच असेल तर लहान ओढ्यांवर उंदराच्या आकाराची फ्लाय पाण्यावरून ओढत फिरावे. त्यात मजा आहे, पण ३० इंचांचे स्वप्न बाजूला ठेवावे.

ऑगस्टचा पहिला आठवडा ते सप्टेंबरची सुरुवात. सॉकआय लालभडक होतात, वाळू-गोट्यांत खळगे करून अंडी घालू लागतात आणि त्यांच्या मागे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, ट्राउट रांग लावून वाहून येणारी गाबोळी टिपतात. नवख्यासाठी याहून चांगला काळ नाही, कारण मासा कोठे उभा असेल ते लाल सॅमनच दाखवून देतात.

सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मेलेल्या सॅमनचे तुकडे पाण्यातून वाहत असतात. उन्हाळाभर खाऊन फुटबॉलसारखे झालेले ट्राउट ओढे सोडून मोठ्या नद्यांकडे आणि सरोवरांच्या मुखांकडे परततात, आणि आयुष्यातला सर्वांत वजनदार मासा मिळण्याची शक्यता याच तीन-चार आठवड्यांत असते. मोबदल्यात थंडी, वारा, आडवा पाऊस आणि रिकाम्या हातांचे दिवस सोसावे लागतात. संख्या हवी असेल तर ऑगस्ट आणि एकच पण मोठा हवा असेल तर सप्टेंबर, असा माझा कौल आहे.

२. आठवड्याला साजेशी नदी निवडा

येथील पाण्यांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. नॅकनेक आणि क्विचॅक या सरोवरांतून निघणाऱ्या रुंद, जोरकस नद्या आहेत. पहिली नॅकनेक सरोवराचे पाणी समुद्राला नेते, दुसरी इलियाम्नाचे. इलियाम्ना हे अलास्कातील सर्वांत मोठे सरोवर आहे. या नद्या जून आणि सप्टेंबरअखेर यांसाठी योग्य. पाणी मोठे असल्यामुळे होडीशिवाय फारसे साधत नाही आणि मासा सापडेपर्यंत धीर लागतो.

दुसरा प्रकार कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातील आणि आसपासच्या लहान, नितळ, चालत पार करता येणाऱ्या पाण्यांचा. कुकाक्लेक सरोवराला मिळणारी मोरेन क्रीक, तिला मिळणारी फनेल क्रीक, अमेरिकन क्रीक, दोन सरोवरांना जोडणारी छोटीशी कुलिक नदी, आणि अस्वलांच्या धबधब्यामुळे जगभर ठाऊक झालेली ब्रुक्स नदी ही त्यांतली प्रमुख नावे. ऑगस्टमध्ये ही पाणी उत्तम. मोरेनवर गुडघाभर पाण्यात उभे राहून २५ इंचांचा मासा डोळ्यांनी पाहून, त्याच्यावर फेक करून तो घेता येतो. हा अनुभव मोठ्या नदीवर मिळत नाही. पण हेच सर्वांना ठाऊक असल्याने ऑगस्टच्या उत्तरार्धात तेथे विमानांची आणि अस्वलांची, दोघांचीही वर्दळ असते.

अलॅग्नॅक नदी या दोन प्रकारांच्या मध्ये बसते. वर सरोवराचे मुख, मधल्या भागात फाटे आणि बेटे, खाली सॅमनची मोठी नदी अशी तिची रचना असून तराफ्याने खाली उतरणाऱ्यांची ती आवडती आहे.

३. राहण्याची आणि फिरण्याची पद्धत ठरवा

पर्याय तीन आहेत आणि खर्च तसेच श्रम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लॉजमध्ये आठवडाभर राहिल्यास जेवण, गाइड आणि रोजचे छोटे विमान सर्व अंतर्भूत असते. हवामान पाहून रोज वेगळ्या पाण्यावर नेले जाते, म्हणून पकड सर्वांत खात्रीची. किंमत मात्र एका चांगल्या परदेश सहलीच्या कितीतरी पट असते. सप्टेंबरचे आठवडे दरवर्षी परतणारे जुने पाहुणे अगोदरच धरून ठेवतात. निदान वर्षभर आधी विचारणा करावी.

दुसरा मार्ग किंग सॅमन या गावी साध्या निवासात राहून दिवसापुरता गाइड किंवा विमान ठरवण्याचा. दुसऱ्या फेरीत मी हेच केले. दोन दिवस गाइडसह होडीतून नॅकनेकवर, एक दिवस विमानाने कॅटमाईत आणि उरलेले दिवस काठावरून स्वतः, अशी विभागणी केली आणि खिशाला ती सोसवली. ज्यांना तंबूची सवय आहे त्यांच्यासाठी ब्रुक्स येथे विजेचे कुंपण असलेले कॅम्पग्राउंड आहे. त्याचे आरक्षण जानेवारीत सुरू होते आणि जुलैच्या जागा बघता बघता संपतात.

तिसरा मार्ग तराफ्याचा: विमान तुम्हाला सरोवरावर सोडते आणि सहा-आठ दिवसांनी खालच्या टप्प्यावर उचलते. आधी दुसरीकडे तराफा चालवलेला नसेल, जंगलात मुक्काम केलेला नसेल, तर पहिल्या फेरीत हा मार्ग धरू नये. गावांलगतच्या काठांची बरीच जमीन तेथील मूळ रहिवाशांच्या कॉर्पोरेशनांच्या मालकीची आहे. त्यावर तंबू ठोकण्यापूर्वी परवानगी लागते. नकाशावर मोकळी दिसणारी जागा मोकळीच असेल असे नाही.

४. कागदपत्रे आणि परवाना

जवळ असाव्यात अशा गोष्टी पुढीलप्रमाणे:

– पासपोर्ट, आणि भारतातून येणार असाल तर अमेरिकेचा पर्यटक व्हिसा.
– अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असाल तर तुमच्या वास्तव्याची मूळ कागदपत्रे.
– अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा क्रीडा-मासेमारी परवाना. परराज्यातील आणि परदेशातील १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला तो लागतो. १, ३, ७ आणि १४ दिवसांचे तसेच वार्षिक परवाने मिळतात आणि ते ऑनलाइन काढता येतात.
– किंग सॅमन जातीचा मासा धरायचा असेल तर त्याचा वेगळा स्टँप. फक्त ट्राउटसाठी तो लागत नाही.
– त्या वर्षीची ब्रिस्टल बेची नियमपुस्तिका, छापील किंवा फोनमध्ये उतरवून घेतलेली, कारण तेथे नेटवर्क मिळेल या भरवशावर राहता येत नाही.
– प्रवासविमा, ज्यात दुर्गम भागातून विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असेल.

येथे एक सापळा आहे. सिअ‍ॅटलहून अँकरेजला जाणारे स्वस्त तिकीट कधी कधी कॅनडातील व्हँकुव्हरमार्गे असते. सिअ‍ॅटल ते अँकरेज हा देशांतर्गत प्रवास असला, तरी भारतीय पासपोर्टधारकाने व्हँकुव्हरचा मार्ग घेतला की कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहतो आणि परतताना अमेरिकेत नव्याने प्रवेश करावा लागतो. शंभर डॉलर वाचवण्यासाठी हे करू नये.

नियम वाचताना वरवर चाळू नका. ब्रिस्टल बेच्या नैसर्गिक ट्राउटसाठी १९९० साली व्यवस्थापन आराखडा मंजूर झाला आणि तेव्हापासून काही पाणी फक्त फ्लाय फिशिंगसाठी, काही फक्त आमिषाविना एकेरी गळासाठी आणि काही पकडून सोडण्यासाठीच राखलेली आहेत. ब्रुक्स नदी फक्त फ्लाय फिशिंगसाठी आहे. एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यांचे नियमही वेगळे असू शकतात. गाइड सोबत असला तरी परवाना तुमच्या नावावर असतो आणि जबाबदारी तुमची असते.

५. साहित्य: काय न्यावे, काय घरी ठेवावे

रॉड दोन न्यावेत, कारण एक मोडतोच. माझा एक रॉड विमानात चढताना दाराच्या चौकटीत सापडून मोडला आणि दुसरा नसता तर मी उरलेले चार दिवस काठावर बसून काढले असते. लहान पाण्यांसाठी साडेनऊ फुटी, ७ वजनाचा रॉड पुरतो (रॉडचे ‘वजन’ म्हणजे तो किती जड दोरासाठी बनवला आहे त्याचा क्रमांक). मोठ्या नद्यांवर आणि वाऱ्यात ८ वजनाचा बरा. ज्यांना दोन्ही हातांनी फेकायचा अकरा फुटी रॉड जमतो, त्यांनी तो नॅकनेकसाठी अवश्य घ्यावा. नवीन रॉड घेऊन तो तेथेच शिकण्याचा बेत मात्र करू नये.

रील, म्हणजे दोर गुंडाळण्याची चकती, चांगल्या डिस्क ड्रॅगचे (पळत्या माशाला रोखणाऱ्या ब्रेकचे) असावे आणि त्यावर मुख्य दोरामागे दीडशे यार्ड बॅकिंग, म्हणजे राखीव दोरा, असावा. घरच्या ओढ्यावर बॅकिंग हे शोभेपुरते असते. येथे मोठा मासा प्रवाहाबरोबर खाली सुटला की पहिल्या वीस सेकंदांत तो दोरा दिसू लागतो. दोन दोर घ्यावेत: एक पूर्ण तरंगणारा आणि दुसरा ज्याचे टोक बुडते असा. लीडर (दोराच्या टोकाला जोडलेला पारदर्शक धागा) नऊ फुटी, टिपेट (फ्लाय बांधायचा त्याचा शेवटचा तुकडा) १० ते १५ पौंड ताण सोसणारे. बारीक टिपेटने मासा फसतो हा समज नितळ, दबलेल्या पाण्यांतला आहे; येथे बारीक टिपेटने मासा फक्त तुटून जातो किंवा दमून मरतो.

फ्लाय डबा भरून नेण्याची हौस सर्वांनाच असते. प्रत्यक्षात मी पुढील पाच प्रकारांपलीकडे फारसा गेलो नाही: सॅमनच्या पिल्लासारखी चंदेरी-पांढरी फ्लाय, काळी किंवा जांभळी जळू, तळाशी राहणाऱ्या स्कल्पिन माशाची तपकिरी-हिरवट प्रतिकृती, सॅमनच्या कुजक्या मांसाच्या तुकड्यासारखी, फिकट गुलाबी-मळकट रंगाची ‘फ्लेश’ फ्लाय, आणि उंदीर. सहावी गोष्ट म्हणजे बीड, अर्थात गाबोळीच्या दाण्यासारखा प्लॅस्टिकचा मणी. ६, ८ आणि १० मिलिमीटर असे तीन आकार घ्यावेत. सर्वांत जास्त ८ चे. रंगांत लालसर नारिंगीपासून दुधाळ फिकट गुलाबीपर्यंत छटा हव्यात, कारण ताजे अंडे चकाकते आणि मेलेले अंडे पांढुरके पडते, आणि हंगाम जसा सरतो तसा ट्राउट फिकट रंगाकडे वळतो.

कपड्यांबाबत सांगायचे तर, छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात उभे राहण्याचा जलरोधक पोशाख), चांगले रेनकोट, आत लोकरीचे दोन थर आणि सुती काहीही नाही. बूट रबरी तळव्यांचे घ्यावेत. नमद्यासारख्या फेल्टच्या तळव्यांत एका पाण्यातले सूक्ष्म जीव अडकून दुसऱ्या पाण्यात जातात. जून ते ऑगस्ट डोक्यावरची मच्छरदाणी हवीच. पोलराइज्ड चष्मा, जाळी रबराची असलेले हातजाळे, चिमटा, पाण्यात तोल सावरायला काठी, आणि नेटवर्कशिवाय चालणारे उपग्रह संदेशयंत्र हे उरलेले सामान. शेवटच्या वस्तूवर काटकसर करू नये.

६. प्रवास

अँकरेजपासून ब्रिस्टल बेपर्यंत रस्ता नाही. अँकरेजहून किंग सॅमन, डिलिंगहॅम किंवा इलियाम्ना येथे सुमारे तासाभराच्या विमानप्रवासाने पोहोचायचे आणि तेथून पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने. या विमानांत प्रत्येकाला साधारण ५० पौंड सामानाची मर्यादा असते आणि चाकांची कडक सुटकेस चालत नाही. मऊ, पाणी न शिरणारी बॅग घ्यावी. सामानाबरोबर तुमचेही वजन विचारले जाते. तेथे संकोचाने चार किलो कमी सांगू नये, कारण तो आकडा वैमानिकाच्या हिशेबात जातो.

धुके उतरले की विमान उडत नाही आणि त्याला कोणाचा इलाज नसतो. परतीचे आंतरराष्ट्रीय तिकीट आणि ब्रिस्टल बे सोडण्याचा दिवस यांत किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. वैमानिक ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये. डोंगरखिंडीतून जाणाऱ्या या उड्डाणांत हवामानाशी हुज्जत घालणाऱ्यांचे काय होते, हे त्याने पाहिलेले असते.

७. अस्वलांच्या घरात वागण्याची रीत

कॅटमाईत २,००० हून अधिक तपकिरी अस्वले आहेत आणि ती ज्या कारणासाठी ओढ्यावर येतात, त्याच कारणासाठी तुम्हीही आलेले असता. पहिल्या दिवशी भीती वाटते, तिसऱ्या दिवशी वाटेनाशी होते, आणि चुका या तिसऱ्या दिवशी घडतात.

उद्यानाच्या नियमाप्रमाणे अस्वलापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, अंतर राखणे बंधनकारक आहे. अस्वल तुमच्या दिशेने चालत आले तर अंतर वाढवण्याचे काम तुमचे असते. धावू नये, सावकाश बोलत, बाजूला होत, त्याला वाट द्यावी. तो त्याचा ओढा आहे. वळणावरून किंवा झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत किंवा गात जावे. माझ्या बरोबरचा एक मित्र आरत्या म्हणत चालतो. अस्वलांनी अद्याप तक्रार केलेली नाही.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा: मासा गळाला लागलेला असताना अस्वल जवळ येऊ लागले तर दोर सैल सोडावा आणि तरीही मासा सुटत नसेल तर दोर तोडून टाकावा. पाण्यात धडपडणाऱ्या माशाचा आवाज अस्वलाला जेवणाची हाक वाटतो. एकदा जरी त्याने माणसाच्या दोरावरचा मासा हिसकावून घेतला, तरी पुढे ते माणसांमागे फिरू लागते आणि शेवटी त्याचीच शिक्षा त्याला होते. आयुष्यातला सर्वांत मोठा मासा लागला असताना दोर तोडणे जमणार नाही असे ज्याला वाटते, त्याने कॅटमाईत जाऊ नये.

अन्न, टूथपेस्ट, सुगंधी मलम हे सर्व अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे. पाठीवरची पिशवी काठावर एकटी सोडू नये. अस्वलाला हटवण्यासाठीचा मिरचीचा फवारा प्रवासी विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही, तो तेथे पोहोचून घ्यावा, आणि छोट्या विमानाच्या वैमानिकाला तो जवळ असल्याचे आधीच सांगावे.

८. पाण्यात उतरल्यावर

बीडने गाबोळीची नक्कल. ऑगस्टमध्ये नवख्याने येथून सुरुवात करावी. लाल सॅमनची जोडी जेथे खळगा करत असेल, त्याच्या चार-सहा फूट खाली, पाणी किंचित खोल होते तेथे ट्राउट उभा असतो. लीडरवर तरंगता दर्शक (मासा लागल्याची खूण देणारे छोटे बूच), खाली छोटे शिसेरहित वजन आणि तळाला मणी व गळ अशी मांडणी करावी. दर्शक आणि वजन यांतले अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट असावे. नियमाप्रमाणे मणी गळापासून २ इंचांच्या आत पक्का बसवलेला किंवा दोरावर मोकळा सरकणारा हवा. मणी गळाच्या थोडा वर असल्याने ट्राउट मणी घेतो आणि गळ जबड्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात बसतो, घशात जात नाही. फक्त फ्लायसाठी राखीव असलेल्या पाण्यात मण्याबाबतचा नियम वेगळा पाहून घ्यावा.

सगळे कौशल्य एकाच गोष्टीत आहे: मणी प्रवाहाच्याच वेगाने वाहिला पाहिजे. मधला वेगवान प्रवाह दोराला पोटातून ओढतो, दोर धनुष्यासारखा वाकतो आणि मणी पाण्यापेक्षा वेगाने धावू लागतो. अंडी अशी धावत नाहीत हे ट्राउटला माहीत असते. म्हणून फेकल्याबरोबर रॉडच्या टोकाने दोर उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावा, आणि वाहता वाहता तसे पुन्हा पुन्हा करावे. याला मेंडिंग म्हणतात. ते येत नसेल तर जाण्यापूर्वी कोणत्याही वाहत्या पाण्यावर दोन महिने सराव करावा. भारतातून जाणाऱ्यांना हिमाचलातील तीर्थन नदीवर ट्राउटवरच हा सराव करता येईल. हिरवळीवर फेक शिकता येते, मेंडिंग शिकता येत नाही. दर्शक किंचित थबकला तरी रॉड प्रवाहाच्या खालच्या दिशेला, बाजूने उचलावा. सरळ वर झटका दिला तर गळ माशाच्या तोंडातून निघून येतो.

सॅमनच्या खळग्यांवरून चालू नये. स्वच्छ झालेले, फिकट दिसणारे गोटे म्हणजे खाली गाबोळी आहे. पायाखाली चिरडली जाते ती पाच वर्षांनंतरची झुंड असते.

बुडत्या दोराने आडवी फेक. मोठ्या नदीवर जून आणि सप्टेंबरमध्ये जळू, स्कल्पिन किंवा फ्लेश फ्लाय प्रवाहाच्या आडवी, थोडी खालच्या बाजूला फेकावी. दोर ताणला गेला की ती आपोआप अर्धवर्तुळात फिरत काठाकडे येते. मग दोन पावले खाली सरकून पुन्हा तेच. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. मासा घेतो तेव्हा रॉड उचलण्याचा मोह आवरावा, डाव्या हाताने दोर लांब आणि घट्ट खेचावा. माझ्या हातून निसटलेले दोन मोठे मासे याच एका चुकीने गेले. खाडीतल्या गरीची सवय मनगटात होती, हिसडा वरच गेला.

उंदीर. संध्याकाळी काठालगत, झुडपांखाली फेकून पाण्यावर रेघ उमटेल असा ओढावा. मासा अनेकदा आधी उंदराला धडक देऊन बुडवतो आणि मग तोंडात घेतो. पाणी उसळले म्हणून झटका द्यायचा नाही. दोरावर वजन जाणवले की मगच.

९. मासा खेळवणे आणि सोडणे

गळाचा उलटा काटा चिमट्याने आधीच दाबून टाकावा. मासा लागल्यावर पहिली धाव त्याला घेऊ द्यावी. रॉड आकाशाकडे न धरता बाजूला, पाण्याला समांतर धरून त्याला प्रवाहाबाहेर वळवावे आणि स्वतः काठाने त्याच्या खालच्या अंगाला चालत जावे. प्रवाह आणि मासा अशा दोघांशी एकाच वेळी लढू नये. हळुवारपणे बराच वेळ खेळवणे यात माशावर दया नाही. जितक्या लवकर तो जाळ्यात येईल तितका तो जगण्याची शक्यता जास्त.

जाळ्यात आला की त्याला पाण्यातच ठेवावे. हात ओले करावेत, कल्ल्यांना बोट लावू नये, पोट दाबू नये. फोटो काढणारा तयार झाल्यावरच मासा उचलावा, पाण्याला लागून, आणि तुमचा श्वास जितका वेळ सहज रोखता येईल त्याहून अधिक काळ त्याला बाहेर ठेवू नये. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून, शेपटीच्या बुडाशी हलकेच धरून थांबावे. तो स्वतः हात झटकून गेला पाहिजे. ढकलून सोडलेला मासा दहा फुटांवर जाऊन उलटा होतो.

वजनकाट्याला त्याला लटकवू नये. पाण्यातच मऊ फितीने लांबी आणि पाठीच्या पंखाच्या पुढील घेर इंचांत मोजावा. घेराचा वर्ग लांबीने गुणून ८०० ने भागल्यास पौंडांत अंदाजे वजन मिळते. तिसऱ्या फेरीत, २३ सप्टेंबरला, नॅकनेकवर मला मिळालेला मासा २९ इंच लांब आणि १७ इंच घेराचा होता, म्हणजे साडेदहा पौंडांच्या आसपास. ३० इंचांना एक इंच कमी. गाइडने फीत दुसऱ्यांदा लावू का असे विचारले, मी नको म्हणालो, आणि पुढच्या वर्षीच्या त्याच आठवड्याचे नाव संध्याकाळीच नोंदवून ठेवले.